जुन्या जीपच्या सीटा घरी भरताना: आधी पाण्याची वाट, मग रेक्झिन

जुन्या जीपची सीट फाटलेली दिसते वरून, पण कुजते खालून. हूड कॅनव्हासचं, दारं असली तर असली, पुढची काच बॉनेटवर आडवी होणारी. अशी गाडी पावसात भिजणारच. रेक्झिनच्या चिरेतून शिरलेलं पाणी स्पंजात मुरतं, तिथून काथ्यात उतरतं आणि शेवटी पत्र्यावर साचून राहतं. वरून कव्हर वाळलं तरी आत महिनाभर ओल असते. बाजारातला सीटवाला एका दिवसात दोन्ही सीटा चकाचक करून देतो खरा, पण तो बहुतेक वेळा जुन्या भरावावरच नवं रेक्झिन ओढतो. दुसऱ्या पावसाळ्यात वास सुरू होतो आणि तिसऱ्यात बैठकीचा पत्रा हाताने तुटतो. घरी काम करण्याचा खरा फायदा पैशांचा नाही. आतलं सगळं उघडून बघता येतं, हा आहे.

इथली मापं सीजे-3बी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. विलीजने 1953 मध्ये काढलेली आणि नंतर महिंद्राने आपल्याकडे कित्येक वर्षं बनवत ठेवलेली, उंच बॉनेटची तीच जीप. लो बॉनेट (बुटक्या बॉनेटची जीप) किंवा महिंद्राचीच एमएम 540 असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील. आणि खरं म्हणजे मॉडेलवर फार जाऊच नका. या गाड्यांवर आजवर तीन-चार हात फिरलेले असतात. कुणी पुढे दुसऱ्याच गाडीची सीट बसवलेली असते, कुणी पाइप कापून बैठक खाली घेतलेली असते. फूटपट्टी आपल्याच सीटवर लावा.

सीट सोडवणं

आधी फोटो काढा: समोरून, बाजूने, खालून, आणि कव्हर जिथे जिथे सांगाड्याला अडकवलंय त्या प्रत्येक जागेचा. त्यानंतर बसून दोन मापं घ्या. बैठकीपासून स्टिअरिंगच्या खालच्या कडेपर्यंत किती अंतर आहे, आणि डोळे काचेच्या चौकटीच्या वरच्या पट्टीच्या किती खाली येतात. ही मापं पुढे भरावाची जाडी ठरवताना लागतील.

बोल्ट इंची असतात. 5/16 च्या बोल्टाच्या डोक्याला 1/2 इंची पाना लागतो. 13 चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण तो किंचित ढिला असतो. गंजलेल्या बोल्टावर जोर लावला की कडा खातो आणि मग छिन्नी घ्यावी लागते. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा, आणि बोल्ट आधी थोडा घट्ट करून मग सैल करा. सीजे-3बीसारख्या गाड्यांत पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. त्यामुळे बोल्ट निघत नाही म्हणून ग्राइंडर किंवा गॅसची ज्योत तिथे आणायची नाही. हॅक्सॉ ब्लेडने हातानेच कापा. वेळ लागला तर लागू दे. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढून ठेवा.

पुढची दुसरी सीट मागे चढण्यासाठी पुढे उलटणारी असेल तर तिच्या बिजागरीतले वायसर कोणत्या क्रमाने होते ते लिहून ठेवा. ते उलटसुलट झाले की नवी सीट रस्ताभर खडखडत राहते आणि दोष शिलाईला दिला जातो.

एका वेळी एकच सीट उघडा, दुसरी तशीच ठेवा. अर्ध्या रात्री कुठलं टोक कुठे जात होतं ते आठवेनासं होतं, तेव्हा ती शेजारची न उघडलेली सीट फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडते.

उसवणं

कव्हर फाडू नका, उसवा. ब्लेडने टाके कापत जा आणि प्रत्येक तुकड्याच्या मागच्या बाजूला बॉलपेनने नाव घाला: बैठक वरची, बैठक पट्टी पुढची, पाठ मागची. कुठलीही शिवण सोडवण्याआधी दोन्ही तुकड्यांवरून आडवी रेघ मारा, दर 10 सेंटीमीटरला एक. नवे तुकडे शिवताना याच खुणा एकमेकींसमोर आणायच्या असतात. त्या नसतील तर वरचा तुकडा हळूहळू सरकत जातो आणि शेवटच्या कोपऱ्यावर दीड-दोन सेंटीमीटर कापड उरतं.

शिवणीच्या आत दुमडून राहिलेला भाग नीट पाहा. ऊन न लागल्यामुळे मूळ रंग तिथे तसाच असतो. वर राखाडी पडलेलं रेक्झिन आत गडद हिरवं किंवा काळं निघतं. टाक्यांची भोकं मोजली की मूळ शिलाई इंचाला किती टाक्यांची होती तेही कळतं. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर यापेक्षा भरवशाचा पुरावा नाही.

हेच तुकडे नव्याचा फर्मा होतात, पण जसेच्या तसे नाही. जुनं रेक्झिन उन्हाने आकसलेलं असतं आणि बसण्याच्या जागी ताणलेलंही असतं. म्हणून फर्मा पुठ्ठ्यावर उतरवा, सांगाड्यावर धरून ताडून पाहा, मधोमध घडी घालून दोन्ही अर्धे सारखे आहेत का बघा. नसतील तर चांगला राहिलेला अर्धा पकडून दुसरा त्यावरून काढा.

सांगाडा आणि बैठकीचा पत्रा

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया. पाइपाचा सांगाडा असेल तर हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून पाहा. टणटणीत आवाज येणारी जागा ठीक. भद्द आवाज आला तर आतून गंजलेली. जोडांजवळ आणि जमिनीला टेकणाऱ्या पायांत हे हमखास सापडतं. बैठकीच्या पत्र्याला बोटभर भोकं पडली असतील तर 18 गेजचा पत्रा लावून वेल्डिंग करून घ्या, अर्थात सीट गाडीपासून लांब नेऊन. नुसतं भोकांवर कापड चिकटवून वर स्पंज ठेवला तर पत्र्याची धार वर्षभरात स्पंज कापते.

तारेच्या ब्रशने आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरने सुटा गंज काढा. फॉस्फोरिक ॲसिडचं गंजरोधक लावा, ते काळं पडून वाळलं की धुऊन कोरडं करा, मग रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर इनॅमलचे दोन हात. प्रत्येक हाताला पुरता दिवस द्या. ओलसर रंगावर रेक्झिन चढवलं तर ते रंगाला चिकटतं आणि पुढच्या वेळी पापुद्र्यासकट निघतं.

रंगाआधी एक गोष्ट विसरायची नाही. सपाट पत्र्याची बैठक असेल तर तिच्या सगळ्यात खोल जागी 8 मिमीची चार भोकं पाडा. पत्र्यात थोडं पाणी ओतून बघा, कुठे साचतं ते लगेच दिसेल. भोकं तिथेच हवीत, मापाने कोपऱ्यात नकोत. भोकांच्या कडा घासून त्यांनाही प्रायमर लावा, नाहीतर गंजाची सुरुवात तिथूनच व्हायची.

पत्र्याऐवजी स्प्रिंगा असतील तर तुटलेल्या बदला, ढिल्या झालेल्या बाइंडिंगच्या तारेने शेजारणीला बांधा. तारेची टोकं खाली वळवा. स्प्रिंग आणि स्पंज यांच्यामध्ये जाड आडोसा लागतोच. पूर्वी गोणपाट वापरत. कोरड्या भागात ते आजही चालेल. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर गोणपाट कुजतं, तिथे जाड नायलॉनचं विणलेलं कापड किंवा दुहेरी शेडनेट घाला. दाभणाने आणि नायलॉनच्या सुतळीने ते सांगाड्याला ताणून शिवा, खाटेची नवार ताणतात तसं.

भराव

जुना काथ्या हातात चुरा होत असेल तर सरळ टाका. रबर लावलेल्या काथ्याची नवी शीट मिळते आणि ती हवा खेळती ठेवते, पण तिच्यावर मऊ थर नसेल तर टोचते. बहुतेकांना सोयीचं पडतं ते असं: सगळ्यात खाली 25 मिमी रिबॉन्डेड स्पंज, वर 50 मिमीचा 40 डेन्सिटी (म्हणजे घनमीटरला 40 किलो), आणि त्यावर 12 मिमीचा मऊ, 28 डेन्सिटीच्या आसपासचा. रिबॉन्डेड म्हणजे स्पंजाचे रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेली शीट. ती कडक असते आणि पत्र्यावर आदळू देत नाही. दुकानात नुसता 'चांगला स्पंज द्या' म्हटलं तर बहुधा हलका मिळतो. हाताला मऊ लागतो म्हणून छान वाटतो आणि सहा महिन्यांत बसतो. डेन्सिटीचा आकडा विचारा आणि वजनाने खात्री करा: 6 बाय 3 फुटांची, 50 मिमी जाड, 40 डेन्सिटीची शीट साडेतीन किलोच्या जरा खालीच भरली पाहिजे. अडीच किलो भरली तर ती 40 नाही.

पाठीला खाली रिबॉन्डेड नको. 50 मिमीचा एकच थर आणि वर मऊ पातळ थर पुरतो.

आता ती सुरुवातीची दोन मापं काढा. स्पंज नुसता रचून, वर जुनी चादर टाकून, सीट गाडीत ठेवून बसा. नव्या भरावाने माणूस इंच-दीड इंच वर येतो आणि जीपमध्ये तेवढी जागा नसते. मांड्या स्टिअरिंगला घासतात, उंच माणसाच्या डोळ्यांसमोर काचेची पट्टी येते. तसं होत असेल तर रिबॉन्डेडचा थर 12 मिमीवर आणा. शिवल्यावर हे कळलं तर सगळं परत उसवावं लागतं.

स्पंज सांगाड्यापेक्षा चहूबाजूंनी 6 मिमी मोठा कापा. कव्हर मात्र नेमक्या मापाचं. हा फरकच सीटला उभार देतो. दोन्ही सारखे कापले तर कडा पडलेल्या दिसतात. कापायला नवं हॅक्सॉ ब्लेड घ्या, त्याला साबणाचं पाणी लावा आणि न दाबता लांब लांब ओढा. दाबून कापलं की कड आत वळते. पुढची वरची कड, जिथे गुडघ्याची मागची बाजू टेकते, ती 45 अंशांत थोडी उतरवा, नाहीतर तासाभरात पाय बधिर होतात.

थर एकमेकांना चिकटवायला पिवळं रबर सोल्युशन. दोन्ही बाजूंना पातळ हात, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. कडेपासून 2 सेंटीमीटर आत थांबा, कारण वाळलेल्या सोल्युशनची कडक रेघ कव्हरमधूनही बोचते. पावसाळी दमट दिवशी हे काम काढू नका. सोल्युशनमधला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पांढुरकी साय येते. मग ते चिकटतच नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास शेगडी, उदबत्ती काही नको. स्पंजाला स्पंज चिकटवा, रेक्झिन कधीही चिकटवू नका. पुढच्या वेळी कव्हर काढताना स्पंज लोळागोळा होऊन येतो.

पाणी आत जाऊ नये म्हणून पूर्ण स्पंज प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा मोह होतो. तो टाळा. शिवणीतून थेंब थेंब शिरणारच, आणि पिशवीतून बाहेर कसं पडणार? पातळ प्लॅस्टिक फक्त वरून आणि बाजूंनी घाला, खालची बाजू पूर्ण उघडी ठेवा. म्हणजे जे शिरेल ते पत्र्यातल्या भोकांपर्यंत जाईल. याच प्लॅस्टिकमुळे कव्हर चढवताना सरकतंही छान.

सामान किती आणायचं

रेक्झिनचा पन्हा साधारण 54 इंची असतो. पुढच्या दोन सीटा आणि मागचे दोन आडवे बाक यांना साध्या कटिंगमध्ये साडेचार मीटर लागतं. बैठकीवर पट्ट्या पाडायच्या असतील तर साडेपाच. जाडी 1 ते 1.2 मिमी. त्याहून पातळ उन्हाने वर्षभरात तडकतं, जाड घरच्या मशीनवर कोपऱ्यात शिवलं जात नाही. मागची बाजू विणलेल्या होजिअरी कापडाची असावी. उघड्या गाडीसाठी बोटींवर वापरतात ते उन्हात टिकणारं रेक्झिन मिळालं तर जास्तीचे पैसे तिथे घाला, स्पंजाच्या चौथ्या थरात नको. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला फिरलं की सुट्या भागांबरोबर हा मालही बघता येतो. नमुन्याचा तुकडा आणून दोन आठवडे उन्हात टाका आणि मग घडी घालून नखाने दाबा. पांढरी रेघ उमटून राहिली तर घेऊ नका.

फौजी वळणाची गाडी असेल तर कॅनव्हास. सुती कॅनव्हास कापण्याआधी धुऊन वाळवाच. न धुता शिवलेलं कव्हर पहिल्या पावसात आखडतं आणि कोपऱ्यातून टाके ओढून काढतं.

स्पंजाच्या एका 6 बाय 3 फुटी, 50 मिमी शीटमध्ये 18 इंची दोन बैठका, दोन पाठी आणि उरलेल्या पट्टीत मागचे दोन बाक जेमतेम बसतात. आधी कागदावर मांडणी करा. 12 मिमीचीही तशीच एक शीट. रिबॉन्डेड दोन बैठकांपुरतं. गोटासाठी, म्हणजे पायपिंगसाठी, 5 मिमी प्लॅस्टिकची दोरी 12 मीटर. दोरा बॉन्डेड नायलॉन किंवा पॉलिएस्टर. सुती नको, तो पावसात कुजतो. 3 मिमी गॅल्व्हनाइज्ड तार 8 मीटर, हॉग रिंगा (कव्हर सांगाड्याला अडकवायच्या तारेच्या कड्या) दीडशे आणि त्यांची पक्कड, सोल्युशन अर्धा लिटर. मशीनच्या 18 नंबरच्या सुया सहा तरी. मोडतात.

कापणं

रेक्झिन एका दिशेने जास्त ताणतं. दोन्ही हातांनी ओढून ती दिशा ओळखा आणि सगळ्या बैठकांमध्ये ती आडवी, डावीकडून उजवीकडे येईल अशी ठेवा. एक सीट उभी आणि एक आडवी कापली तर वर्षभराने दोघींचे पोत वेगळे दिसतात. मागच्या बाजूने खडूने आखा, बॉलपेनने नको. शाई रेक्झिनमधून वर फुटते.

माया, म्हणजे शिवणीच्या आत राहणारी जास्तीची कड, सगळीकडे 12 मिमी. बैठकीच्या बाजूची पट्टी 150 मिमी रुंद: त्यातली 80 दिसते, 12 शिवणीत जाते, उरलेली सांगाड्याखाली वळून नेफ्यात संपते. गोटाच्या पट्ट्या 40 मिमी. 12 मीटर गोटासाठी पूर्ण पन्ह्याच्या नऊ पट्ट्या, म्हणजे 36 सेंटीमीटर रेक्झिन. हे आधीच बाजूला काढून ठेवा, कारण शेवटी नेमकं गोटालाच कापड कमी पडतं.

शिवणं

घरातलं काळं, पायाचं जुनं मशीन या कामाला चालतं. हलक्या इलेक्ट्रिक मशीनपेक्षा बरंच. चाक जड असतं, टाका सावकाश पण पक्का पडतो. रेक्झिन प्रेशर फूटला (कापड दाबून धरणाऱ्या पायाला) चिकटून अडतं; फूटच्या तळाला गुळगुळीत टेप लावा किंवा टेफ्लॉनचा फूट घ्या. टाका 4 मिमी, इंचाला सहा. बारीक टाका मजबूत वाटतो पण इथे तो उलटा पडतो. जवळजवळ पडलेल्या भोकांनी रेक्झिन पोस्टाच्या तिकिटांसारखं फाटतं. चुकलेली टीप उसवून त्याच रेघेवर परत मारायची नाही, त्याच कारणाने. एक-दीड मिमी आत घ्या. टाचण्याही मायेतच, दर्शनी भागात नाही. कपड्याला पडलेलं भोक बुजतं, रेक्झिनचं बुजत नाही.

क्रम असा. आधी दोरी पट्टीत गुंडाळून गोट तयार करा, एका बाजूच्या फूटने, दोरीला अगदी लागून न शिवता. मग तो वरच्या तुकड्याच्या कडेला शिवा, सुरुवात मागच्या बाजूच्या मध्यापासून. त्यानंतर बाजूची पट्टी लावा. ही शेवटची टीप मात्र दोरीला खेटून, आधीच्या दोन्ही टिपांच्या आतून. म्हणजे आधीचे टाके बाहेर डोकावत नाहीत.

कोपरा येतो तिथे थांबा. वळणाच्या 3 सेंटीमीटर आधीपासून गोटाच्या मायेला दर सेंटीमीटरला खाच द्या, टिपेपासून 2 मिमी आधी थांबून. सुई खाली रुतवून ठेवा, फूट उचला, कापड थोडं फिरवा, फूट खाली, हाताने चाक फिरवून दोन टाके. परत सुई खाली, परत फिरवा. एका कोपऱ्याला असे सहा-सात थांबे होतात. पाय पॅडलवरून काढूनच ठेवा. इथे चार थर असतात, रेक्झिन आणि गोट मिळून. सुई वाकली की टक असा आवाज येतो आणि पुढचे टाके सुटत जातात. तो आवाज आला की सुई बदला, दिसायला सरळ असली तरी.

गोटाची दोन टोकं जुळवताना आतली दोरी दोन्हीकडून नेमकी कापून समोरासमोर आणा आणि वरची पट्टी तिरकी दुमडा. सरळ जोड जाड गाठीसारखा दिसतो.

बैठकीवर उभ्या पट्ट्या पाडायच्या असतील तर रेक्झिनच्या मागे 6 मिमी स्पंज आणि पातळ कापड घेऊन 2 इंचांवर टिपा मारा. तुकडा आधी मोठा कापा, पट्ट्या पाडा, मग फर्मा ठेवून मापाचा कापा. पट्ट्यांमध्ये कापड आत ओढलं जातं आणि ते किती जाईल याचा अंदाज कुणालाच नेमका येत नाही. हिऱ्याच्या आकाराची शिलाई मारायची हौस असेल तर ती नव्या गाडीवर भागवा. जीपवर ती सोफा ठेवल्यासारखी दिसते, आणि प्रत्येक टीप म्हणजे पाणी शिरायला एक ओळ.

पट्टीच्या खालच्या कडेला 20 मिमीचा नेफा शिवा आणि त्यात 3 मिमी तार ओवा. रिंगा तारेला धरून ओढायच्या असतात. तारेशिवाय नुसत्या रेक्झिनमध्ये रिंग घातली की महिन्याभरात तिथे चीर जाते. आणि बैठकीच्या मागच्या पट्टीवर, दिसणार नाही अशा जागी, दोन आयलेट (धातूच्या कडेची भोकं) बसवा. माणूस धपकन बसला की आतली हवा कुठून तरी निघणारच. वाट दिली नाही तर ती शिवण फाडून निघते.

चढवणं

कव्हर वीस मिनिटं उन्हात टाका. नरम झालेलं रेक्झिन चढतंही आणि गार झाल्यावर ताणून बसतंही. ऊन नसेल तर केस वाळवायचा ड्रायर, सतत हलवत ठेवून.

स्पंज खाली दाबायला दुसरा माणूस हवा. कव्हर आधी पुढच्या दोन कोपऱ्यांवर घाला, मग मागे ओढा. मायेची दिशा सगळीकडे खाली, पट्टीकडे वळलेली आहे का हे बोट फिरवून पाहा. अर्धी वर आणि अर्धी खाली राहिली तर गोट सापासारखा वाकडा दिसतो. रिंगा पुढच्या मध्यापासून सुरू करा. पुढचा मध्य, मागचा मध्य, डावा, उजवा. मग मध्याकडून कोपऱ्यांकडे, दर 4 सेंटीमीटरला एक, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून. कोपरे शेवटी. एका बाजूच्या सगळ्या रिंगा आधी लावून टाकल्या की दुसऱ्या बाजूला तिरक्या सुरकुत्या येतात आणि कितीही ओढलं तरी जात नाहीत.

सांगाड्याला मूळचे पत्र्याचे दाते असतील तर ते जेमतेम एकदा वाकतात. तुटले तर तिथे पत्र्याची पट्टी आणि छोटे स्क्रू लावून कड दाबा.

पाठीचं कव्हर पिशवीसारखं वरून उतरतं आणि खाली बंद होतं. खालची उघडी बाजू पूर्ण शिवू नका. आडव्या झडपेने बंद करा, म्हणजे पाठीत शिरलेलं पाणी तिथून निथळेल.

मागचे बाक

चाकांवरच्या डब्यांवर ठेवलेल्या या आडव्या बाकांना बहुतेक ठिकाणी फळी लागते. 12 मिमी मरीन प्लाय घ्या, आयएस 710 शिक्का असलेली. साधी कमर्शियल प्लाय एका पावसाळ्यात फुगून पानं सुटल्यासारखी होते. फळीला 10 मिमीची पाच-सहा भोकं, कापलेल्या कडांना आणि भोकांच्या आत ऑइल पेंट. रेक्झिन खाली वळवून स्टेनलेसच्या 10 मिमी स्टेपलने ठोका; साध्या स्टेपलच्या गंजाचे तपकिरी ओघळ नंतर निघत नाहीत. स्पंज 50 मिमी आणि वर 12 मिमी पुरे.

परत बसवताना आणि नंतर

जुने बोल्ट परत वापरू नका. नवे, स्प्रिंग वायसरसह, आटे ग्रीस लावून. जमिनीच्या पत्र्यात बोल्टाभोवती गंजाची खळी असेल तर खालून मोठा चौकोनी वायसर द्या. शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावर पाना पुन्हा एकदा फिरवा.

पहिल्या आठवड्यात बैठकीच्या मध्यावर बारीक सुरकुत्या दिसल्या तर घाबरू नका. दोन दिवस उन्हात गाडी उभी केली की त्या बहुतेक जातात. कोपऱ्यातून तिरकी चुणी गेलेली मात्र तशी जाणार नाही. तिथल्या आठ-दहा रिंगा काढून परत ओढा. बसल्यावर करकर आवाज आला तर तो रेक्झिनचा नाही, आतल्या प्लॅस्टिकचा असतो; प्लॅस्टिक जाड घेतलंय. वरून बघताना गोट एका बाजूला पडलेला दिसला तर त्या बाजूचा स्पंज कमी पडलाय, कव्हर सैल नाही. तिथे 6 मिमीची पट्टी सरकवून पाहा.

पहिल्या जोरदार पावसानंतर हूड काढा आणि सीटच्या भोकांखाली वर्तमानपत्र धरा. कागद भिजला तर बरं. वर रेक्झिन ओलं आणि खाली कागद कोरडा असेल तर पाणी कुठेतरी मध्येच अडलंय, आणि बहुतेक वेळा ते प्लॅस्टिकची कड खाली दुमडून राहिल्यामुळे असतं.

रेक्झिन धुवायला साधा साबण आणि ओलं फडकं. टायर चमकवायचं पॉलिश सीटवर लावू नका. वर तुकतुकी येते, पण पुढच्या चढावर माणूस मागे घसरतो.